बाराचे चौदा खांब: पॅरामेट्रिक वर्तुळामागचा इतिहास

गोल सभागृहाभोवती बारा खांब मांडलेत आणि स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणतो, चौदा करा. आज रेव्हिट किंवा ग्रासहॉपर या इमारतींच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलला की खांबांमधला कोन ३० अंशांवरून साधारण २५.७ अंशांवर येतो, खांब आपापल्या जागी सरकतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ती किती उशिरा हाती आली याची जाणीव राहत नाही. आकडा बदलला की आकृती आपोआप बदलावी, यालाच पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतात. त्यामागची मूळ कल्पना १९६३ सालची. वास्तुविशारदाच्या टेबलावर ती पोचायला जवळपास चार दशकं गेली.

त्याआधी ड्रॉइंग बोर्ड होता. कंपासमध्ये त्रिज्या धरून परिघावर फिरवली की सहा खुणा मिळतात. त्या दुभागल्या की बारा, मग चोवीस. सात भाग मात्र पट्टी-कंपासने अचूक पाडताच येत नाहीत. पिएर वाँत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने ते १८३७ मध्ये सिद्ध केलं. दिल्लीचं जुनं संसद भवन १९२७ मध्ये खुलं झालं. त्याच्या वर्तुळाभोवती १४४ खांब आहेत, म्हणजे दर अडीच अंशांना एक. हे १४४ भागही नुसत्या पट्टी-कंपासने पडत नाहीत. अशा वेळी कोनमापक, त्रिकोणमितीची कोष्टकं, नाहीतर डिव्हायडर फिरवून अंदाज घेणं आलं. डिव्हायडर केसभर चुकला तरी ती चूक प्रत्येक खुणेला वाढत जाते. आणि संख्या बदलली की सगळं खोडून पुन्हा.

एमआयटीच्या इव्हान सदरलंडने १९६३ मध्ये आपल्या प्रबंधात स्केचपॅड हा पडद्यावर चित्र काढायचा प्रोग्राम मांडला. टीएक्स-२ हा अवाढव्य संगणक, पडद्यावर टेकवायचा लाइट पेन. प्रबंधातलं पहिलंच उदाहरण वर्तुळाचं आहे. पडद्यावर वेडावाकडा षट्कोन काढायचा, त्याचे कोपरे एका वर्तुळावर बसवायचे, मग सांगायचं की सगळ्या बाजू सारख्या. संगणक तो ओढून-ताणून नियमित षट्कोन करतो. पुढे त्या षट्कोनाच्या प्रती एकमेकींना जोडून जाळी तयार करायची. मूळ आकृती बदलली की जाळीतली प्रत्येक प्रत बदलते. आपण आज ज्याला कन्स्ट्रेंट (आकृतीवर घातलेली अट) आणि इन्स्टन्स (मूळ आकृतीशी जोडलेली प्रत) म्हणतो, ते दोन्ही इथे आहेत. मला ही गोष्ट थक्क करणारी वाटते: पडद्यावर चित्र काढणं आणि त्या चित्रामागचा नियम जपणं, दोन्ही एकाच कामातून पुढे आलं.

इटलीत लुइजी मोरेत्ती 'पॅरामेट्रिक वास्तुकला' हा शब्द त्याआधीपासूनच वापरत होता. १९६० च्या मिलान त्रिएनालेमध्ये त्याने प्रेक्षकाच्या दृष्टिरेषांच्या गणितातून घडवलेल्या स्टेडियमची मॉडेल्स मांडली होती.

मग हे सगळं मागे का पडलं? १९८२ मध्ये ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आलं ते स्वस्त पीसीवर, ड्रॉइंग बोर्डाची जागा घ्यायला. ऑफिसला हवा होता कागदावरचा नकाशा, आणि तो वेगाने मिळू लागला. त्यातली वर्तुळाभोवती प्रती मांडणारी पोलर ॲरे ही आज्ञा विचारायची: केंद्र कुठे, नग किती, किती अंश भरायचे, नग फिरवायचे का. उत्तरं दिली की क्षणात बारा खांब उमटत, पण पुढच्या क्षणी ते बारा सुटे तुकडे असत. 'बारा' हा आकडा फाइलमध्ये कुठेच उरत नसे. चौदा करायचे तर अकरा पुसा आणि पहिल्यापासून मांडा. संख्या लक्षात ठेवणारा असोसिएटिव्ह ॲरे ऑटोकॅडला मिळाला तो २०१२ च्या आवृत्तीत.

दरम्यान यंत्र-डिझाइनवाले पुढे गेले होते. सॅम्युअल गाइसबर्गच्या पीटीसी कंपनीचं प्रो-इंजिनियर हे यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉफ्टवेअर १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. त्यात भोकाचा व्यास किंवा संख्या बदलली की यंत्राचा तो अख्खा भाग नव्याने घडत असे. त्याच कंपनीत काम केलेल्या लिओनिद राइझने अर्विन युंगराइससोबत १९९७ मध्ये नवी कंपनी काढली आणि ही पद्धत इमारतींकडे आणली. २००० मध्ये रेव्हिट बाहेर पडलं, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं.

रेव्हिटच्या रेडियल ॲरेत, म्हणजे वर्तुळाभोवतीच्या मांडणीत, 'ग्रूप अँड असोसिएट'ची खूण काढली तर पुन्हा सुटे तुकडेच हाती येतात. खूण ठेवली तर फॅमिलीमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या घटकाच्या साच्यात) ॲरेच्या संख्येला पॅरामीटर, म्हणजे हवा तेव्हा बदलता येणारा आकडा, जोडता येतो. मात्र जुन्या आवृत्त्यांमध्ये ही संख्या दोनच्या खाली जात नसे, त्यामुळे एकच खांब हवा असेल तर दिसण्या-न दिसण्याचं वेगळं सूत्र लिहावं लागे. कोनासाठी रेफरन्स प्लेन (आधाराचं प्रतल) न वापरता रेफरन्स लाइन (आधाराची रेषा) घ्यावी. तिला टोक असतं, म्हणून ती कशाभोवती फिरायचं हे नक्की राहतं.

लंडनच्या ३० सेंट मेरी ॲक्स या इमारतीत (२००४) प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पाच अंश वळलेला आहे, आणि मजल्यांचा व्यासही उंचीनुसार बदलतो. असं काम एकेक प्रत उचलून करणं म्हणजे हाल.

डेव्हिड रुटनने २००७ मध्ये ऱ्हायनो या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरसाठी 'एक्सप्लिसिट हिस्टरी' आणलं. त्याचंच पुढे ग्रासहॉपर झालं. इथे नियमच पडद्यावर मांडलेला असतो: आकडा सरकवायचा एक स्लायडर, एक भागाकार, वर्तुळावरचे बिंदू. नवशिक्याला इथे एक चूक हमखास भेटते. शून्य ते ३६० ची रेंज घेऊन तिचे बारा भाग केले की तेरा आकडे मिळतात, आणि शून्य व ३६० वर्तुळावर एकाच जागी पडतात. दोन खांब एकमेकांत उभे राहतात. डोळ्यांना काही दिसत नाही. बिल ऑफ क्वांटिटीमध्ये (बांधकामाच्या मालाच्या यादीत) मात्र तेरावा खांब येतो. त्यापेक्षा सिरीज घ्यावी: सुरुवात शून्य, पायरी ३६० भागिले नग, संख्या नगाइतकीच. बारा खांबांची ती यादी ३३० वर थांबते.