पाच वर्षांच्या एलएलबी सीईटीचा अर्ज, कागदपत्रे आणि तर्कक्षमतेचे ३२ गुण

बारावीनंतर महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचे, तर राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. बारावीला खुल्या गटासाठी ४५, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांना ४२ आणि एससी, एसटींना ४० टक्के हवेत. बारावीच्या परीक्षेला बसलेले, निकाल यायचा आहे असे विद्यार्थीही अर्ज भरू शकतात. दहावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून बारावी केलेली मात्र चालत नाही.

अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहा. फोटो आणि सही दिलेल्या आकारात, स्पष्ट स्कॅन करा. शुल्क भरल्यावरच अर्ज पूर्ण होतो, म्हणून पावती आणि अर्जाची प्रत उतरवून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर कॅप फेरीची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी असते आणि कागदपत्रांची खरी तपासणी तिथे होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिवाय राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता लागते. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसींना नॉन-क्रीमीलेयरही हवे, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रवेशाच्या वेळी मुदत शिल्लक असलेलेच द्या. जात वैधता प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो. बारावीच्या सुरुवातीलाच प्रस्ताव टाका. गोव्यातल्या मराठी मुलांना ही परीक्षा देता येते, पण बाहेरच्या राज्याचे उमेदवार म्हणून. जातीच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही.

आता पेपर. १२० प्रश्न, १२० मिनिटे, प्रत्येकी एक गुण. विधी अभियोग्यता (लीगल ॲप्टिट्यूड) ३२, तर्कक्षमता ३२, सामान्यज्ञान २४, इंग्रजी २४, गणित ८. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

तर्कक्षमतेत मुले अडतात ती बाहेरची माहिती आत आणल्यामुळे. हे पाहा: सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर शेतकरी आहेत. मग काही वकील शेतकरी आहेत का? आपल्या गावात तसा वकील असेलही, पण विधानांतून ते निघत नाही. वकिलांचे वर्तुळ पदवीधरांच्या आत काढा, शेतकऱ्यांचे वर्तुळ पदवीधरांना छेदेल पण वकिलांना स्पर्श करणार नाही असे काढून बघा. तसे काढता आले, की निष्कर्ष चूक. एक विरोधी आकृती पुरते.

गृहीतकाच्या प्रश्नाला उलटी कसोटी लावा. सूचना आहे, ‘ग्रंथालय आता रविवारीही उघडे राहील.’ गृहीतक: काही विद्यार्थी रविवारी येतील. ते उलटवा, कोणीच येणार नाही. सूचनेला अर्थच उरत नाही, म्हणजे ते गृहीत धरलेले आहे. ‘सगळे विद्यार्थी येतील’ हे उलटवले तरी सूचना टिकते, म्हणून ते गृहीतक नाही. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द पर्यायात दिसले की ही कसोटी लावाच.

बैठक व्यवस्था आणि रक्तसंबंध कच्च्या कागदावर आकृती काढूनच सोडवा, आणि नक्की जागा सांगणारी अट आधी मांडा. दोन मिनिटांत आकृती जुळली नाही, तर एक पर्याय निवडा, प्रश्नाला खूण करा आणि पुढे जा.