घनता (वर्गातले प्रयोग)

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, एकक ग्रॅम प्रति घन सेंमी. पाण्याच्या घनतेशी तुलना करून जो आकडा येतो त्याला जुन्या पुस्तकांत 'विशिष्ट गुरुत्व' म्हणायचे, आता सापेक्ष घनता म्हणतात आणि तिला एकक नसतं. मराठीत या शब्दामुळेच एक घोळ होतो, घनता म्हणजे घट्टपणा असं मुलं धरून चालतात, पण खोबरेल तेल पाण्यापेक्षा घट्ट असूनही त्याची घनता ०.९२ च्या आसपास, म्हणून ते वर तरंगतं; घट्टपणा ही विष्यंदिता, वेगळी राशी.

घनता मोजण्याच्या प्रयोगाचा उगम बहुतेक ठिकाणी आर्किमिडीजच्या (इ.स.पू. सुमारे २८७–२१२) मुकुटाच्या गोष्टीला जोडतात: सोन्याच्या मुकुटात चांदी मिसळली आहे का, हे त्याला शोधायचं होतं. ही गोष्ट सांगतो रोमन वास्तुकार विट्रुव्हियस, तोही जवळपास दोनशे वर्षांनी. त्याच्या मते मुकुट, त्याच वजनाचं सोनं आणि तेवढीच चांदी काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून किती पाणी सांडलं ते मोजलं. आर्किमिडीजच्या तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या ग्रंथात मात्र मुकुटाचा उल्लेखच नाही. आणि आकडे मांडले की शंका वाढते. समजा मुकुट १००० ग्रॅमचा, तर शुद्ध सोन्याचं (१९.३) आकारमान ५१.८ घन सेंमी, त्यात ३०० ग्रॅम चांदी (१०.५) मिसळली आणि आकारमानांची साधी बेरीज धरली तर ६४.८. फरक १३ घन सेंमी, म्हणजे २० सेंमी व्यासाच्या भांड्यात पातळीचा फरक जेमतेम ०.४ मिमी, आणि काठाला चिकटून फुगून राहणारं पाणी एवढा फरक सहज झाकून टाकेल. तेच मुकुट आणि तेवढ्याच वजनाचं सोनं तराजूला टांगून पाण्यात बुडवलं तर (बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाने हलकी भरते) १३ ग्रॅमचा फरक पडतो, तो साध्या तराजूलाही दिसतो. गॅलिलिओने १५८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, हीच पद्धत सुचवली आणि आर्किमिडीजनेही असंच केलं असावं असं त्याचं म्हणणं. आज हेच मत जास्त पटणारं वाटतं, पुरावा मात्र अप्रत्यक्षच आहे. मधल्या काळात अल-बिरुनीने (११ वं शतक) धातू आणि रत्नांची विशिष्ट गुरुत्वं बरीच अचूक काढली होती, अल-खाझिनीचा पाण्यातल्या तराजूवरचा ग्रंथ ११२१ चा.

वर्गात दोन्ही पद्धती करून घ्याव्यात, तुलना तिथेच कळते. २७ ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मोजपात्रात टाकला की पातळी १० मिली वर चढते, घनता २.७. पण अर्ध्या मिलीची चूक झाली तर उत्तर २.५७ ते २.८४ मध्ये कुठेही जातं, आणि तुकड्याला बुडबुडे चिकटलेले असले तर आणखी गडबड. तोच तुकडा ताणकाट्याला टांगला तर हवेत २७, पाण्यात १७, वजा केलं की आकारमान हातात. द्रवासाठी मोजपात्रात थोडं थोडं ओतून दरवेळी वजन करायचं आणि आलेख काढायचा, चढ म्हणजे घनता; रेषा शून्यातून गेली नाही तर बहुतेकदा मोजपात्राचं वजन वजा करायचं राहिलेलं असतं (ही चूक मुलांना स्वतः सापडू द्यावी, फार शिकवते).

अंडं साध्या पाण्यात बुडतं आणि मीठ घालत गेलं की वर येतं, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतोच. त्यापेक्षा थंडीतलं खोबरेल बघण्यासारखं आहे: थिजलेला गोळा पातळ तेलात खाली बसतो, बर्फ (०.९१७) मात्र पाण्यावर तरंगतो. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले की पाणी किती वेगळं आहे ते न सांगता कळतं. ५० मिली पाणी आणि ५० मिली अल्कोहोल मिसळलं तर १०० मिली भरत नाही, ९६-९७ च भरतं, वजन मात्र तेवढंच राहतं.

दुधात तरंगत ठेवून त्याची घनता दाखवणारा लॅक्टोमीटर तरंगण्याच्या याच तत्त्वावर चालतो. गाईच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२, पाणी घातलं की ती उतरते. पण साय काढली की घनता वाढते, म्हणून आधी साय काढून मग पाणी घातलं तर लॅक्टोमीटरवर दूध चांगलं दिसू शकतं, त्यामुळे डेअरीत फॅट वेगळं तपासतात.