पीयूसी एक सांगते, ॲव्हरेज दुसरंच

गाडीची पीयूसी झाली की गाडी ‘पर्यावरणपूरक’ ठरली, असा समज सर्रास दिसतो. त्याचंच दुसरं रूप म्हणजे “साठचं ॲव्हरेज देते, ती कसलं प्रदूषण करणार?” दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टींची अदलाबदल झालेली असते.

पीयूसी पाहते धूर. इंधन अर्धवट जळाल्याने निघणारे विषारी वायू आणि काजळी यांचा त्रास सिग्नलला मागे उभ्या असलेल्या माणसाला लगेच होतो. ॲव्हरेज सांगतं कार्बन डायऑक्साइडबद्दल. हा वायू इंधन उत्तम जळलं तरी निघणारच. त्याने कुणाला खोकला येत नाही, पण त्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेत राहून तापमान वाढवत राहतो.

पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ (सरकारी प्रदूषण मानक) आणि त्यानंतरच्या चारचाकीला आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. मग इंजिन साधारण २५०० आरपीएमवर नेऊन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आहे ना आणि आदर्शाच्या तुलनेत हवा-इंधनाचं प्रमाण, म्हणजे लॅम्डा, ०.९७ ते १.०३ मध्ये बसतं ना, हे पाहतात. डिझेलला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात.

मशीनवर कार्बन डायऑक्साइडचा आकडाही दिसतो, पण त्याला मर्यादाच नाही. उलट सुस्थितीतल्या पेट्रोल इंजिनात तो १४-१५ टक्के असायला हवा, कारण जास्त डायऑक्साइड म्हणजे ज्वलन पूर्ण. तो ९-१० वर आला तर गाडी ‘स्वच्छ’ झाली असं समजू नका. बहुतेक वेळा प्रोब, म्हणजे मशीनची नळी, सायलेन्सरमध्ये पुरता आत गेलेला नसतो (साधारण ३० सेंमी जायला हवा), नाहीतर सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा मिसळत असते. अशी पास झालेली पीयूसी फसवी.

कार्बनचा हिशेब मात्र मशीनशिवाय होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला सुमारे २.६५ किलो. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही नसताना अडीच किलोच्या जवळपास वायू कसा? इंधनातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, वजन त्याचं. म्हणून २३०० ला ॲव्हरेजने भागलं की किलोमीटरमागचे ग्रॅम मिळतात. पंचेचाळीसच्या ॲव्हरेजची स्कूटर ५१ ग्रॅम, पंधराची कार १५३ ग्रॅम. पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं तर लिटरमागचे हे २३०० ग्रॅम थोडे घटतात, पण ॲव्हरेजही थोडं पडतं.

बिघाड कोणत्या बाजूचा आहे, हे ओळखायला हा फरक फार उपयोगी पडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा भाग, निकामी झाला, किंवा कुणी ‘पिकअप वाढतो’ म्हणून काढून टाकला, तर ॲव्हरेज जवळजवळ तेवढंच राहतं आणि पीयूसी नापास होते. टायरमध्ये हवा कमी असली, ब्रेक चिकटत असला, क्लच घसरत असला तर पीयूसी ठणठणीत आणि ॲव्हरेज खाली. एअर फिल्टर तुंबलेली जुनी कार्ब्युरेटरची गाडी किंवा ऑक्सिजन सेन्सर बिघडलेली नवी गाडी दोन्हीकडे मार खाते, कारण इंजिनात पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं. काळा धूर त्याचीच खूण. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय: पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. थंडीतल्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ निव्वळ पाणी असते. गाडी गरम झाल्यावरही ती थांबली नाही तर कूलंट तपासा.

पीयूसीला थंड गाडी घेऊन जाणं ही नेहमीची चूक. कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामच करत नाही, त्यामुळे घराखालच्याच सेंटरवर चांगली गाडीही नापास होऊ शकते. आधी दहा मिनिटं चालवा. याच कारणाने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कारने मारलेली फेरी अंतराच्या मानाने सर्वात घाण फेरी असते. दोन किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या पायी किंवा सायकलने केल्या तर धूर सर्वाधिक वाचतो. कार्बनची बचत तितकी मोठी नसते, कारण तो एकूण किलोमीटरवर ठरतो.

कधी कधी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधातही जातात. बीएस-६ डिझेल कारमधला काजळीचा फिल्टर, डीपीएफ, भरला की इंजिन जादा डिझेल वापरून ती काजळी जाळतं. धूर कमी होतो, डिझेल थोडं जास्त लागतं. ही जळणी पूर्ण व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एका वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्याने डिझेल घेतलं की फिल्टरचा दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. आमच्या मते अशा वापराला डिझेल घेऊच नये.

सीएनजीला ‘हिरवं इंधन’ म्हणतात ते काजळीच्या बाबतीत खरं. कार्बनचा फायदा मात्र बेताचा. एका किलोमागे सुमारे २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोला २६ देणारी कार १०६ ग्रॅमवर येते. तीच पेट्रोलवर १९ देत असेल तर १२१. शिवाय न जळलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापदायक, म्हणून गॅसचा वास येत असेल तर तो सुरक्षेइतकाच याही दृष्टीने महत्त्वाचा.

सर्वात मोठी फसगत एसटीच्या बाबतीत होते. जुन्या डिझेल बसचा काळा लोट पाहून “यापेक्षा माझी कार बरी” असं वाटतं. धुराच्या बाबतीत तक्रार खरीच आहे. पण लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी बस किलोमीटरला ५९० ग्रॅम सोडते आणि तिच्यात चाळीस माणसं असली तर माणशी पंधरा ग्रॅमही होत नाहीत. एकट्या स्कूटरवाल्याशी बरोबरी व्हायला तिला बाराएक प्रवासी पुरतात. पाचच प्रवासी घेऊन धावणारी बस मात्र हरते.

इलेक्ट्रिक स्कूटरला सायलेन्सर नाही, पीयूसीही लागत नाही. म्हणून तिचा कार्बन शून्य? नाही. चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट लागतात असं धरू. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे किलोमीटरला २५ ग्रॅम, पेट्रोल स्कूटरच्या निम्मा. छतावर सोलर असेल आणि दुपारी चार्जिंग होत असेल तर त्याहून बराच कमी.

मीटरवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर फार विसंबू नका. टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, टाकी निम्म्याच्या खाली आल्यावर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ४१२ किलोमीटरला ९.२ लिटर लागलं तर ॲव्हरेज ४४.८. दर दोन महिन्यांनी एकदा पुरे. पीयूसीच्या पावत्याही फेकू नका. गेल्या वर्षी मोनॉक्साइड ०.०५ होता आणि यंदा ०.१८ आला, तर गाडी पास झालीच आहे, पण कन्व्हर्टर थकायला लागला असावा. पुढच्या सर्व्हिसिंगला तो आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या.