मिठाला पाणी सुटते तेव्हा

गोव्यात मृगाचा पाऊस स्थिरावला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, आणि थोड्याच दिवसांत कपाटातल्या चामडी पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरट बुरशी दिसू लागते. हा क्रम योगायोगाचा नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत जास्तीत जास्त मावेल त्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला वाटा, सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, बाष्प ओढून त्यातच विरघळू लागते. घरात आढळणाऱ्या बहुतेक बुरशींना वाढायला लागणारी आर्द्रताही याच सुमाराची असते. म्हणून मिठाची बरणी हे मला घरातले सर्वांत विश्वासू आर्द्रतामापक वाटते. मात्र त्यासाठी दळलेले शुद्ध मीठच हवे. पुरुमेतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, मिठागरातून आणलेल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो क्षार जेमतेम ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतो, त्यामुळे ते मीठ एरवीही ओलसरच असते.

बाजारात मिळणारे लहान आर्द्रतामापक यंत्र घेतले, तर तेही मिठानेच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि झाकण व यंत्र एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी यंत्राने ७५ च्या जवळपासचा आकडा दाखवायला हवा. जितका फरक दिसेल, तितका पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावा.

खोलीच्या मध्यभागी ७० टक्के आर्द्रता असली तरी पावसाने भिजलेल्या चिऱ्याच्या भिंतीलगत ती अधिक असते, कारण भिंत गार असते आणि गार हवेत बाष्प कमी मावते. कपाट अशा भिंतीला टेकवले की मागची हवा कोंडते आणि बुरशी पाठीमागून शिरते. कपाट चार बोटे पुढे ओढणे आणि शक्य असल्यास ते आतल्या भिंतीशी नेणे, हा बिनखर्चाचा बदल मी सर्वांत आधी सुचवीन.

पूर्वी पुष्कळ घरांत कपाटात लहान पिवळा दिवा लावून ठेवीत. त्यामागचे गणित सरळ आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते, तर ३० अंशांना ३० ग्रॅम. तेव्हा ८५ टक्के आर्द्रतेची हवा पाच अंशांनी तापवली, तर बाष्प तेवढेच राहूनही तिची आर्द्रता ६५ टक्क्यांवर येते. आजचा एलईडी दिवा पुरेसा तापत नाही, आणि जुना दिवा कपड्यांना टेकला तर आगीचा धोका असतो, म्हणून बंद कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. मात्र त्या पाण्याने भरल्या की ऊन किंवा मंद आच देऊन पुन्हा कोरड्या कराव्या लागतात.

धुतलेले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालणे तेवढे टाळावे. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून लिटरभर तरी पाणी त्याच हवेत मिसळते. तेच कपडे पडवीत, पंख्याखाली टाकले तर ते बाष्प बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जाते.