टायब्रेकर (टेनिस, हॉकी आणि क्रिकेट)

ठरलेला खेळ संपल्यावरही दोन्ही बाजू समसमान राहिल्या, तर निकाल लावण्यासाठी घेतली जाणारी जादा कसोटी म्हणजे टायब्रेकर. साखळी सामन्यात बरोबरी चालून जाते, गुण वाटून देता येतात. बाद फेरीत मात्र कोणाला तरी घरी जावेच लागते. टेनिस, हॉकी आणि क्रिकेट या तिन्ही खेळांनी यासाठी वेगवेगळे नियम केले, त्यातले काही रुजले तर काही मोडीत निघाले. ज्या पद्धतीत त्या खेळाचेच कौशल्य पणाला लागते ती खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी आपलीशी केली, आणि जी त्यापासून दूर गेली ती फार काळ तगली नाही, असे हा इतिहास पाहताना जाणवते.

टेनिस

टेनिसमध्ये सेट जिंकायला किमान सहा गेम आणि दोन गेमची आघाडी लागते. पूर्वी ही आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. सर्व्हिस करणाऱ्याचे पारडे मुळातच जड, त्यात विम्बल्डनच्या हिरवळीवर चेंडू फारसा न उसळता वेगाने निघतो. त्यामुळे दोन तगडे सर्व्हिसवाले समोरासमोर आले की कोणाचीच सर्व्हिस भेदली जात नसे. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये ४१ वर्षांच्या पांचो गोन्झालेसने चार्ली पासारेलला २२–२४, १–६, १६–१४, ६–३, ११–९ असे हरवले. पाच तास १२ मिनिटांचा हा सामना दोन दिवसांत मिळून पुरा झाला.

अशा लांबलेल्या सेटवर उपाय सुचवणारे अमेरिकेतल्या न्यूपोर्टचे जिमी व्हॅन अ‍ॅलन. टेनिसचे 'हॉल ऑफ फेम' उभारणारेही तेच. त्यांच्या कल्पनेतला नऊ गुणांचा टायब्रेक १९७० मध्ये अमेरिकन ओपनने स्वीकारला. त्यात ४–४ झाले की पुढच्या एकाच गुणावर दोघांचाही सेट टांगणीला लागे. हा प्रकार फारच जीवघेणा वाटल्याने पुढे आजचा टायब्रेक रूढ झाला: सात गुण आणि किमान दोनची आघाडी. पहिला खेळाडू एक सर्व्हिस करतो, मग दोघे आळीपाळीने दोन-दोन, आणि दर सहा गुणांनी बाजू बदलतात. या रचनेमुळे सर्व्हिसचा फायदा दोघांत सारखा वाटला जातो. विम्बल्डनने १९७१ मध्ये ८–८ वर आणि १९७९ पासून ६–६ वर टायब्रेक सुरू केला.

दुसऱ्याच वर्षी, १९८० च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात, ब्योर्न बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो यांच्यातला चौथ्या सेटचा टायब्रेक ३४ गुण चालला. मॅकेन्रोने तो १८–१६ असा घेतला, पण पाचवा सेट ८–६ जिंकून विजेतेपद बोर्गने नेले. टायब्रेकने खेळातली रंगत जाईल ही भीती त्या दिवसानंतर उरायला नको होती.

तरीही ग्रँड स्लॅम म्हणवल्या जाणाऱ्या चार मोठ्या स्पर्धांत निर्णायक सेटसाठी तो बहुतेक ठिकाणी लागू नव्हता. अमेरिकन ओपनचा तेवढा अपवाद. त्यामुळेच २०१० मध्ये विम्बल्डनच्या १८ क्रमांकाच्या कोर्टवर जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला. दुसऱ्या दिवशी पाचवा सेट ४७–४७ वर असताना धावफलकच बंद पडला. अंधार पडला तेव्हा ५९–५९ झाले होते. तिसऱ्या दिवशी इस्नरने ७०–६८ ने बाजी मारली. एकूण ११ तास ५ मिनिटे, १८३ गेम. इस्नरच्या ११३ एस सर्व्हिस (समोरच्याच्या रॅकेटलाही न लागलेल्या), माहूच्या १०३. २०१८ च्या उपान्त्य सामन्यात केव्हिन अँडरसनने त्याच इस्नरला पाचव्या सेटमध्ये २६–२४ असे हरवले, आणि मग मात्र विम्बल्डनने नियम बदलला. २०१९ मध्ये १२–१२ वर टायब्रेक आला आणि त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात तो वापरावा लागला. नोव्हाक जोकोविचने त्या सामन्यातले तिन्ही टायब्रेक जिंकले. रॉजर फेडरर एकूण गुणांत पुढे असूनही, विजेतेपदाचे दोन गुण हाताशी असूनही हरला. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत निर्णायक सेटमध्ये ६–६ झाले की दहा गुणांचा टायब्रेक होतो. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये कार्लोस अल्काराझने यानिक सिनरला याच टायब्रेकमध्ये १०–२ असे नमवून अंतिम सामना जिंकला.

हॉकी

हॉकीत आधी जादा वेळ आणि नंतर पेनल्टी स्ट्रोक अशी पद्धत होती. गोलपासून ६.४० मीटरवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक. १९७३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारत नेदरलँड्सविरुद्ध २–० असा पुढे होता. सामना २–२ झाला, जादा वेळेत मिळालेला स्ट्रोक वाया गेला आणि शेवटी स्ट्रोकवरच भारत ४–२ ने हरला. पंचवीस वर्षांनी, १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत, खडकीत वाढलेल्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला स्ट्रोकवरच हरवून सुवर्णपदक मिळवले. गोलरक्षक आशिष बल्लाळ त्या दिवसाचा नायक ठरला.

स्ट्रोकमध्ये पळणे नाही, ड्रिबलिंग नाही, चकवा नाही. त्यामुळे २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा शूटआउटने घेतली. यात आक्रमक २३ मीटरच्या रेषेवर चेंडू घेऊन उभा राहतो, गोलरक्षक गोलरेषेवर. शिट्टी वाजली की दोघेही मोकळे, आणि घड्याळात फक्त आठ सेकंद. गोलरक्षक धावत पुढे येऊन कोन अरुंद करतो. आक्रमक कधी स्टिक उलटी करून (रिव्हर्स स्टिक) चेंडू ओढतो, कधी पाठ फिरवून गिरकी घेतो, कधी गोलरक्षक आडवा पडेपर्यंत वाट पाहतो. पहिला फटका अडला तरी वेळ उरला असेल तर पुन्हा मारता येतो. गोलरक्षकाने जाणूनबुजून फाउल केल्यास स्ट्रोक मिळतो, अनवधानाने झाल्यास तोच प्रयत्न पुन्हा घेतला जातो. प्रत्येक संघाला पाच प्रयत्न मिळतात आणि तरीही बरोबरी राहिली तर सडन डेथ, म्हणजे दोघांना एकेक प्रयत्न आणि पहिला फरक पडला की निकाल. हॉकीचा सगळा कस या आठ सेकंदांत दिसतो, म्हणूनच तिन्ही खेळांतल्या आजच्या टायब्रेकरांत हा सर्वांत अस्सल म्हणावा लागेल.

भारताला शूटआउटने दिलेही आहे आणि नेलेही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत पाकिस्तानवर ४–२ असा विजय मिळाला. २०२३ च्या विश्वचषकात भुवनेश्वरला न्यूझीलंडने ३–३ नंतर शूटआउटमध्ये बाहेर काढले. पॅरिस ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व सामन्यात ४ ऑगस्ट २०२४ रोजी अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. भारत उरलेला सारा वेळ दहा जणांनिशी लढला, ग्रेट ब्रिटनला १–१ वर रोखले, आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेशच्या भरवशावर शूटआउट ४–२ जिंकला. त्या ऑलिंपिकचे पुरुष आणि महिला दोन्ही अंतिम सामने शूटआउटवरच सुटले आणि दोन्ही नेदरलँड्सने जिंकले.

क्रिकेट

एकदिवसीय क्रिकेटमध्ये बरोबरीचा प्रश्न बराच काळ गुणतालिकेवर सोडला गेला. १९९९ च्या विश्वचषक उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोघांच्या २१३ धावा झाल्या. दक्षिण आफ्रिकेचा अ‍ॅलन डोनाल्ड धावबाद झाला आणि सुपर सिक्स या सहा संघांच्या आधीच्या टप्प्यात वर असलेला ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेला.

ट्वेंटी-२० ने आधी बोल-आउट आणला: समोर फलंदाज नाही, तीन यष्ट्या, गोलंदाजाने त्या उडवायच्या. १४ सप्टेंबर २००७ ला दरबानमध्ये भारत-पाकिस्तान १४१–१४१ झाल्यावर सेहवाग, हरभजन आणि उथप्पा यांनी यष्ट्यांचा वेध घेतला. यासिर अराफत, उमर गुल आणि आफ्रिदी तिघांचेही नेम चुकले. भारतीयांना तो क्षण कितीही प्रिय असला तरी फलंदाजाविना क्रिकेट हे क्रिकेट नव्हे. पुढच्याच वर्षी सुपर ओव्हर आली. प्रत्येकी एक षटक, दोन गडी बाद झाले की डाव संपला, आणि मूळ सामन्यात नंतर खेळलेला संघ इथे आधी फलंदाजी करतो.

१४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड २४१ वर अडकले. सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५ धावा. शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना न्यूझीलंडचा मार्टिन गप्टिल धावबाद झाला. मग चौकार-षटकार मोजले गेले: २६ विरुद्ध १७. विश्वचषक इंग्लंडला मिळाला. पळून काढलेली धाव चौकारातल्या धावेपेक्षा कमी दर्जाची मानणारा हा नियम न्यूझीलंडवर उघड अन्याय करून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो रद्द केला आणि निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायचे ठरले. १७ जानेवारी २०२४ ला बंगळुरूत भारत-अफगाणिस्तान सामन्यात तशी वेळ आली. आधी २१२–२१२, मग पहिल्या सुपर ओव्हरमध्ये १६–१६. दुसरीत भारताच्या ११ धावा झाल्या आणि रवी बिश्नोईने तीन चेंडूंत दोन गडी घेऊन अफगाणिस्तानला एका धावेवर गुंडाळले.

कसोटीत टायब्रेकर नाही. वेळ संपल्याने अनिर्णित राहणारे सामने पुष्कळ, पण चौथा डाव संपून धावा समसमान झाल्याचे, म्हणजे खऱ्या अर्थाने टाय झाल्याचे आजवर दोनदाच घडले: डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडीज आणि २२ सप्टेंबर १९८६ ला मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया. मद्रासला भारतासमोर ३४८ धावांचे लक्ष्य होते. ग्रेग मॅथ्यूजच्या शेवटच्या षटकात चार धावा हव्या होत्या. रवी शास्त्रीने आधी दोन आणि मग एक धाव काढून बरोबरी साधली, पण त्यामुळे तीन चेंडूंसाठी समोर अकराव्या क्रमांकाचा मणिंदर सिंग आला. पहिला चेंडू त्याने अडवला, दुसऱ्यावर पंच विक्रम राजूंनी त्याला पायचीत दिले. भारत सर्वबाद ३४७, शास्त्री नाबाद ४८. जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत अशा टायसाठी दोन्ही संघांना सहा-सहा गुण ठेवले आहेत, आणि तिचा अंतिम सामना टाय किंवा अनिर्णित राहिल्यास दोघांना संयुक्त विजेते ठरवण्याची तरतूद आहे.