‘ते ओकु’ : जपानी व्याकरणातील पूर्वतयारी

जपानी शिकणाऱ्यांना ‘ते ओकु’ ही रचना साधारणपणे जपानी भाषाप्रावीण्य परीक्षेच्या एन-4 पातळीच्या अभ्यासात भेटते आणि ‘एखादी गोष्ट आधीच करणे’ एवढाच तिचा अर्थ वहीत उतरवला जातो. परीक्षेपुरता तो पुरतो. परंतु या रचनेच्या मुळाशी ‘आधी’ ही कल्पना नाहीच.

‘काउ’ म्हणजे विकत घेणे आणि ‘कात्ते’ म्हणजे विकत घेऊन; यातील ‘ते’ हा मराठीतल्या ‘-ऊन’सारखा प्रत्यय. त्यापुढे येणाऱ्या ‘ओकु’ या क्रियापदाचा स्वतंत्र अर्थ आहे ठेवणे. म्हणून ‘नोमिमोनो ओ कात्ते ओइता’ (‘ओइता’ हे ‘ओकु’चे भूतकाळी रूप) हे वाक्य मराठीत सहजपणे ‘पेये आणून ठेवली’ असे होते. वस्तू जागेवर ठेवण्याची क्रिया येथे कृतीच्या परिणामाला लागू झाली आहे : कर्ता जाणूनबुजून काही करतो आणि त्यातून निर्माण झालेली स्थिती पुढील उपयोगासाठी तशीच राहू देतो. उपयोग पुढे व्हायचा असल्यामुळे कृती ‘आधी’ झाली, हा निष्कर्ष ऐकणारा काढतो. नुसता क्रम सांगायचा असेल, तर जपानीत ‘माए नि’ (आधी) हे वेगळे शब्द आहेतच. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे ‘वापरून झाल्यावर जागेवर परत ठेवा’ ही सूचना, कारण तिथेही ‘मोदोशिते ओइते कुदासाइ’ असेच म्हणतात. ही कृती वापरानंतरची आहे, तरीही ‘ओकु’ चपखल बसते, कारण नीट लावलेली वस्तू पुढच्या माणसाच्या उपयोगी पडणार असते. ‘मादो ओ आकेते ओइते कुदासाइ’ याचे ‘खिडकी उघडून ठेवा’ आणि ‘खिडकी उघडीच राहू द्या’ असे दोन्ही अर्थ होतात, तेही याच कारणाने.

हेतू आवश्यक असल्यामुळे पावसाच्या पडण्याला ‘ओकु’ जोडता येत नाही. मराठीतही पाऊस ‘पडून ठेवत’ नाही. मात्र साम्य संपूर्ण नाही. ‘काय घोळ करून ठेवलास!’ यातील अनवधानाच्या नुकसानीसाठी जपानी भाषक बहुधा ‘ते शिमाउ’ (‘करून बसणे’सारखी रचना) वापरतात. आणि कर्त्याऐवजी तयार स्थितीकडे लक्ष वेधायचे असल्यास ‘नोमिमोनो गा कात्ते आरु’ (‘आरु’ म्हणजे असणे) असे म्हणतात, ज्याला मराठीत पुन्हा ‘आणून ठेवली आहेत’ हेच रूप पुरते. बोलताना ‘कात्ते ओकु’चे ‘कात्तोकु’ होते, म्हणजे ‘ओकु’ स्वतंत्र शब्दाकडून प्रत्ययाकडे सरकते आहे. भाषाविज्ञानात या प्रवासाला व्याकरणीकरण म्हणतात.

अशी साम्ये हाती लागली की जपानी ही एखाद्या भारतीय भाषेची कन्या असल्याचे दावे सुरू होतात. सुसुमु ओनो या जपानी अभ्यासकांनी तमिळशी नाते मांडले होते, पण बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. तमिळमध्ये ‘वै’, कोरियनमध्ये ‘दुदा’ आणि हिंदीत ‘रखना’ ही ठेवण्याच्या अर्थाची क्रियापदे अशीच सहायक बनली आहेत, आणि या भाषा एका कुळातील नाहीत. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आणि ‘-ऊन’सारख्या रूपांनी क्रिया जोडणाऱ्या भाषांत दुसरे क्रियापद सहायक होणे सोपे जाते. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी 1976 साली दक्षिण आशियाच्या भाषिक वैशिष्ट्यांचा माग काढताना अशी वैशिष्ट्ये मध्य आशियामार्गे कोरिया-जपानपर्यंत आढळतात, हे दाखवले होते.