गाडीतून उतरताना बसणारा शॉक

कारमधून उतरून दार लावायला हात नेला की बोटाला टिक् करून जो चटका बसतो, तो हा. कोणी याला शॉक म्हणतं, कोणी करंट लागला म्हणतं, शाळेच्या पुस्तकात हीच स्थितिक विद्युत असते, आणि गॅरेजवाल्याला विचारलं तर तो "अर्थिंग गेलंय" म्हणून मोकळा होतो. त्याचं हे निदान जवळजवळ नेहमीच चुकतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, आणि १२ व्होल्ट कोरड्या कातडीला जाणवतसुद्धा नाहीत. मुळात हा चार्ज वायरिंगमधून येतच नाही, तो उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर असतो आणि तयार होतो सीटवरून उठायच्या त्या एक-दोन सेकंदांत.

होतं असं की तुमची पॅन्ट किंवा ड्रेस सीट कव्हरला घासत असतो, आणि दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटून सुटल्या की एकीकडचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात. कंगवा केसांवरून फिरवून कागदाचे कपटे उचलायचा खेळ लहानपणी सगळ्यांनी केलाय, तेच हे, फक्त कंगव्याच्या जागी आपण स्वतः. गंमत म्हणजे बसून असताना काही जाणवत नाही, कारण तुमच्यावरचा चार्ज आणि सीटवरचा उलटा चार्ज अगदी लगटून असतात, एकमेकांना धरून ठेवतात. तुम्ही उठता, सीट मागे राहते, जोडी तुटते आणि अंगावरचा व्होल्टेज धाडकन वर जातो, काही हजार व्होल्ट तर सहज, हवा कोरडी असेल तर १० हजाराच्या पुढेही. साधारण २ ते ३ हजार व्होल्टच्या खाली माणसाला काही कळत नाही, म्हणजे आपल्याला जे शॉक "बसतात" त्यापेक्षा कितीतरी जास्त न कळता होऊन जातात. हवेतून ठिणगी उडायला दर मिलिमीटरला अंदाजे ३ हजार व्होल्ट लागतात, त्यामुळे अंधाऱ्या पार्किंगमध्ये बोट दारापासून दोन-तीन मिलिमीटरवर असतानाच बारीक निळसर ठिणगी दिसते आणि आवाज येतो. आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही, अंगात साठलेला चार्ज अगदी चिमूटभर असतो आणि सगळा खेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत आटोपतो.

आमच्या घरी हा प्रकार पहिल्यांदा झाला तो नागपूरला, काकाच्या गाडीत. डिसेंबरचे दिवस, नवीन मखमली सीट कव्हर घातलेली, काकूच्या अंगात नायलॉनची साडी आणि वरून लोकरी स्वेटर. दर वेळी उतरली की "अगं बाई". काकाने एका इलेक्ट्रिशियनला दाखवलं, त्याने बॅटरीचे टर्मिनल घासले, एक जास्तीची वायर चॅसीला जोडली, पैसे घेतले, आणि शॉक चालूच. मार्चमध्ये काकू कॉटनवर आली, शेवटी सीट कव्हरही बदलली, तेव्हा कुठे थांबलं. वायर अजून तशीच लटकतेय.

हवेवर हे फार अवलंबून असतं. हवेत दमटपणा असला की कपड्यांवर, सीटवर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून हळूच पळून जातो. म्हणून मुंबईत, कोकणात, गोव्यात लोकांना हा त्रास जवळपास माहीतच नसतो, आणि विदर्भ, मराठवाडा, पुणे-नगर पट्ट्यात थंडीपासून कोरड्या उन्हाळ्यापर्यंत तो चालू राहतो. पाऊस पडला की गायब. गाडीतला एसी आतली हवा आणखी कोरडी करतो हेही लक्षात घ्या. शिकागो किंवा मिनेसोटातल्या आपल्या माणसांना तर हिवाळाभर हेच, कारण बाहेर बर्फ आणि आत हीटर, म्हणजे हवा पार वाळलेली. थंडीत रात्री अंधारात घोंगडी झटकली की ठिणग्या दिसतात असं जुनी माणसं सांगायची, ती गाडी नसतानाची आवृत्ती.

आता उपाय, आणि खरा उपाय एकच आहे, बाकी सगळे त्याचे मदतनीस. एसटीतून उतरताना तुम्हाला कधी शॉक बसलाय का? मला तरी आठवत नाही. सीट रेक्झिनची, हवा कोरडी, कपडे टेरिकॉटचे, सगळं जुळलेलं असूनही नाही, कारण उठतानाच आपण समोरचा उघडा लोखंडी दांडा पकडतो आणि तो धरूनच, मग पुढचा, मग दाराजवळचा, असं करत खाली उतरतो. चार्ज तयार होता होताच तळहातातून बसच्या बॉडीत निघून जातो, साठायला वेळच मिळत नाही. कारमध्ये नेमकं उलटं करतो आपण, प्लॅस्टिकचं हँडल ओढतो, सीटवरून घसरत बाहेर येतो, उभे राहतो, आणि मग एका बोटाच्या टोकाने पत्र्याला शिवतो. तर एसटीची सवय कारमध्ये आणायची. दार उघडलं की बसल्या बसल्याच दाराच्या चौकटीचा पत्रा पूर्ण पंजाने धरायचा, किंवा लॉक ज्यात अडकतं तो स्टीलचा हुक, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून नीट उभं राहीपर्यंत हात सोडायचा नाही. रंग लावलेला पत्राही बहुतेक वेळा चालतो, उघडं लोखंड जास्त चांगलं. उभं राहून मग हात लावला तर काही उपयोग नाही, तोवर चार्ज साठून बसलेला असतो.

विसरलात आणि उतरून उभे राहिलात, तर किल्ली किंवा नाणं चिमटीत घट्ट धरून आधी ते पत्र्याला टेकवा. ठिणगी उडेलच पण ती धातूच्या टोकाला, आणि तुमच्या कातडीत करंट मोठ्या भागातून शिरल्यामुळे टोचणार नाही. हल्लीच्या किल्ल्या नुसत्या प्लॅस्टिकच्या, त्यामुळे नाणंच बरं. तेही नसेल तर कोपर किंवा बोटाचं पेर, बोटाच्या टोकापेक्षा तिथे कमी झोंबतं.

कपड्यांत कॉटन बरं, नायलॉन-पॉलिस्टर-लोकर वाईट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिंथेटिक सीटवर लोकर. बुटांचे सोल जाड रबराचे किंवा पीयूचे (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) असतील तर चार्ज जमिनीत उतरत नाही, चामड्याच्या सोलमधून थोडाफार उतरतो. सीटवर कपडे मऊ करायचं लिक्विड भरपूर पाण्यात मिसळून हलकं शिंपडतात, काही दिवस फरक पडतो. हात कोरडे पडत असतील तर क्रीम किंवा खोबरेल, तेवढीच मदत.

गाडीच्या मागे लोंबणारी रबरी पट्टी मात्र ओव्हररेटेड आहे. ती गाडीच्या बॉडीवरचा चार्ज जमिनीत सोडते, तुमच्या अंगावरचा नाही. तिचं मूळ म्हणजे टँकरची साखळी, "पेट्रोलच्या टँकरला मागे साखळी का असते" हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत आलाय. डेपोत इंधन भरताना-उतरवताना टँकरला अर्थिंगची वायर क्लिपने जोडतात, खरा भरवसा तिच्यावर असतो. टायरचंही तसंच, तेही गाडीच्या बॉडीवरचाच चार्ज जमिनीत सोडतात. टायरमधल्या काजळीमुळे रबर थोडं वाहक होतं, १९९०च्या दशकात इंधन वाचवण्यासाठी सिलिका वापरायला लागले तेव्हा तो गुण कमी झाला, म्हणून अशा कित्येक टायरांमध्ये आता वाहक रबराची एक बारीक पट्टी मुद्दाम ठेवतात.

हे सगळं नुसतं वैतागाचं प्रकरण आहे, एक जागा सोडून, ती म्हणजे पेट्रोल पंप. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते आणि ८ हजार व्होल्टला चढलेल्या माणसाच्या ठिणगीत चार-पाच मिलिज्यूल असतात, म्हणजे हिशोब सरळ आहे. अमेरिकेत लोक स्वतः भरतात, नळी लावून थंडी वाजते म्हणून परत गाडीत जाऊन बसतात, सीटवर घासून पुन्हा चार्ज घेऊन येतात आणि नळीला हात लावतात. तिथल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने अशा आगींच्या नोंदी जमवल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी हाच क्रम सापडला, आणि मोबाईलला जो दोष देतात तो सापडला नाही. म्हणून तिकडे भरताना परत गाडीत बसू नका, बसलात तर नळीपासून लांब असलेल्या धातूला आधी हात लावा. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, तिथे पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानेच बंदी आहे, आणि आपल्याकडे पंपावरचा माणूसच भरतो. कॅनमध्ये घ्यायचं असेल तर कॅन गाडीत ठेवून भरू नये, खाली जमिनीवर ठेवून भरावा.

ईव्ही म्हणजे विजेवर चालणारी गाडी घेतलेले लोक या शॉकला जास्त घाबरतात, आत ३००-४०० व्होल्टची बॅटरी आहे हे माहीत असतं ना. पण ती बॅटरी बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते, तिच्या केबल नारिंगी रंगाच्या, आणि इन्सुलेशन कुठे बिघडलं तर गाडी स्वतःच वॉर्निंग देते. उतरताना बसलेला तो टिक् तिथेही सीट कव्हरचाच. फरक ओळखायचा कसा, तर स्थितिक शॉक एकदाच बसतो, लगेच पुन्हा हात लावला तर काहीच नाही. चार्जिंगला लावलेली असताना बॉडीला हात लावल्यावर सतत झिणझिण्या येत असतील, हात ठेवला की ठेवला तितका वेळ, तर ते सीट कव्हरचं काम नाही, घरच्या प्लगचं अर्थिंग गेलेलं असू शकतं. तेव्हा प्लगला हात न लावता आधी एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडायची आणि मग वायरमनला फोन करायचा.